जलदुर्गांच्या धक्क्यावर भरती-सुकतीचा फलक लावा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतले चार आपल्या किनाऱ्यावरचे आहेत : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. या निमित्ताने कोकणच्या वारसास्थळांच्या याद्या सगळीकडे छापल्या जात आहेत. याद्या चांगल्याच आहेत; पण कोकणात काय बघायचे याची माहिती कधीच कमी नव्हती. कमी आहे ती कधी बघायचे याची. इथे फिरण्याचे वेळापत्रक तीन गोष्टी ठरवतात : समुद्राचे पाणी, उन्हाचा कोन आणि साप्ताहिक सुटी. पुण्यामुंबईहून चार दिवसांचा बेत आखून येणारे कुटुंब या तिन्हींपैकी एकाशी अडखळतेच. मग ‘किल्ला बघायला मिळाला नाही’, ‘संग्रहालय बंद होते’, ‘कातळावर काही दिसलेच नाही’ अशा तक्रारी घेऊन परत जाते. यातल्या बहुतेक तक्रारी एका फलकाने टळण्यासारख्या आहेत, म्हणून हे पत्र.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. सुकतीला चालत जाता येते, हे सगळ्यांना ठाऊक असते. सुकती कधी, हे मात्र किनाऱ्यावर येऊन घोडागाडीवाल्याला विचारायचे असते. जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकती, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू होतो. रोज वेळ पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी अधिक, पुढे सरकते. यात अर्धापाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे बेत आखायला हा हिशेब पुरेसा असला, तरी पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचा छापील तक्ता पाहायलाच हवा.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, पाणी सर्वांत जास्त ओसरते, म्हणून ‘चालत जायला पौर्णिमा उत्तम’ असे कुणीतरी सांगते आणि गडबड तिथे होते. अलिबागला पौर्णिमेची सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि दुपारी बाराला भरती तुडुंब असते. अकरा वाजता न्याहारी आटोपून किनाऱ्यावर आलेल्याला किल्ला पाण्याने वेढलेला दिसणार. उलट अष्टमीला सुकती दुपारी बाराला येते खरी, पण ते भांगाचे, म्हणजे भरती-सुकतीत सर्वांत कमी फरक असण्याचे दिवस; पाणी पुरते ओसरत नाही आणि वाटेत गुडघाभर, कधी त्याहून जास्त उरते. सर्वांत सोयीच्या तिथी म्हणजे तृतीया ते पंचमी. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान सुकती येते, पाणीही बऱ्यापैकी हटलेले असते आणि ऊन चढायच्या आत परतता येते. दुपारनंतर जायचे असेल तर द्वादशी-त्रयोदशी पाहावी.

पूर्ण सुकतीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी चढू लागल्यावर तासाभरात वाळूवर परत यावे. किल्ल्यात गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, उत्तरेच्या तटावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव कोरलेल्या चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, शेजारी छोटा सर्जेकोट आहे. या सगळ्याला दीड तास पुरतो. भरतीचे पाणी समोरून येताना दिसते असे वाटते. प्रत्यक्षात ते आधी किल्ल्याच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल भागात दोन्ही बाजूंनी भरते. त्यामुळे किल्ल्यापाशी पाय कोरडे असले तरी परतीची वाट बुडलेली असू शकते. पायात पट्ट्यांच्या सँडल हव्यात. चपला वाळूत रुततात आणि अनवाणी चालले की खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडांनी तळवा चिरतो.

दक्षिणेला जावे तसा हा हिशेब बदलतो. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी भरती-सुकतीत चार-साडेचार मीटरांचा फरक पडतो. गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास येतो. वेळही मुंबईच्या आधीची असते. मालवणला जाताना मुंबईचा तक्ता वापरू नये, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

बोटींची गोष्ट वेगळी. मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांपैकी एकही त्या काळात बघायला मिळत नाही. बंदी उठल्यावरही पहिले काही दिवस समुद्र ठरवील तसेच. पावसाळ्यात यायचेच असेल तर विजयदुर्गाला या. तो जमिनीला जोडलेला आहे, थेट दारापर्यंत गाडी जाते, आणि तिहेरी तटबंदीवर आदळणाऱ्या लाटा पाहायच्या तर त्याच दिवसांत.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गात नेणारी होडी साधारण तासाभरात परत बोलावते. हा तास फार अपुरा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला हा किल्ला कुरटे बेटाच्या सुमारे ४८ एकरांवर पसरला आहे. तट नागमोडी, ४२ बुरूज, आणि तटावरून पूर्ण फेरी मारायची तर तीन किलोमीटरांच्या वर चाल. दरवाजा मालवणकडे तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या पोटात असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गर्दीच्या दिवशी लोक दरवाजा, शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हातापायाच्या ठशांच्या घुमट्या आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी एवढेच पाहून धावतपळत परततात. पश्चिमेचा तट, जिथे उघड्या समुद्राचा मारा तीनशे साठ वर्षे सोसलेली बांधणी समजते, तो भाग बघणाऱ्यांच्या वाट्याला येतच नाही. परतीसाठी दोन तासांची मुदत देणारे वेगळे तिकीट काढले, थोडे जास्त पैसे घेतले, तर होडीवाल्यांचेही नुकसान नाही. तोवर वाचकांनी एवढे करावे : सकाळच्या पहिल्या होडीने जावे आणि चढण्यापूर्वीच परतीचे बोलून घ्यावे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, ते त्यांचे गाव आहे. घरांच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात आणि तिथे वेळ आणखी कमी, पाऊण तासाचा हिशेब. दरवाजाशी होडी खालीवर होत असते. उतरताना घाई करणाऱ्याचा पाय होडी आणि पायरीच्या मध्ये सापडतो. होडी वर येईल त्या क्षणी, एका वेळी एकाने, मोबाइल खिशात ठेवून पायरीवर पाऊल टाकावे.

सुवर्णदुर्गाला धक्का नाही. हर्णैहून मच्छीमार होडी ठरवावी लागते आणि वाळूच्या पट्टीशी मांडीभर पाण्यात उतरावे लागते. म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाण्याआधी दोनदा विचार करावा. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि बाजूच्या भिंतीवरचा मारुती पाहायला विसरू नये; आत झाडोरा माजलेला असतो, फुल विजार घालून गेलेले बरे.

खांदेरीला थळहून होडी मिळते. १६७९मध्ये महाराजांनी हे बेट बांधायला घेतले तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अडवायला आले आणि दोघांनाही ते थांबवता आले नाही. मुंबईच्या तोंडाशी हा किल्ला उभा राहिला. बेटावर १८६७चे दीपगृह आहे. तिथे एक खडक आहे, दगडाने वाजवला की धातूसारखा नाद देतो. आता येणारा प्रत्येक जण तो वाजवतो आणि खडकावर खळगे पडू लागले आहेत. जागतिक वारसा म्हटल्यावर तरी या खडकाभोवती एक साधी साखळी आणि एक पाटी लागायला हरकत नव्हती.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाकडे वळू. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’, ‘सर नॉर्मन लॉकियर यांनी १८६८चे ग्रहण इथूनच पाहिले’ हे आता इतके रूढ झाले आहे की शाळेच्या सहलींना तेच सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षण केले आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाला ग्रहणाशिवायही वर्णपटात पाहता येतील हे ओळखले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहण नसताना, स्वतंत्रपणे तेच साधले. या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली होती; ती सोडियमची नाही हे पुढे ठरले आणि १८९५मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना एका खनिजातून पृथ्वीवर हेलियम मिळाला. लॉकियर भारतात ग्रहणासाठी आधी आले ते १८७१च्या डिसेंबरात, आणि तेही केरळातल्या बेकल किल्ल्यावर. विजयदुर्गाला ते आले खरे, पण जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, म्हणजे हेलियम सापडून गेल्यावर.

यात विजयदुर्गाचे काही कमी होत नाही. शिलाहारांच्या काळापासूनचा किल्ला, आंग्ऱ्यांच्या आरमाराचे ठाणे, फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी केलेला हल्ला, तुळाजी आंग्ऱ्यांच्या जाळल्या गेलेल्या जहाजांची गोष्ट – एवढे असताना उसन्या कीर्तीची गरज कशाला? अठरा ऑगस्टला तिथे जमून खगोलशास्त्राचा दिवस साजरा करणे चांगलेच आहे. ग्रहणाच्या पट्ट्याचा नकाशा लावा, १८६८मध्ये झान्सेन गुंटूरला आणि लॉकियर इंग्लंडात होते हे लिहा. मुलांना विज्ञान कसे चालते तेही त्यातून कळेल. आता परदेशी अभ्यासक येणार. त्यांनी पहिल्याच पाटीवर चूक काढली तर बाकीच्या पाट्यांवर कोण विश्वास ठेवील?

दुसरी खटकणारी गोष्ट तोफांची. उत्साही मंडळे गडावर जातात, मातीत पडलेली तोफ उचलतात, घासतात आणि काळा तैलरंग किंवा डांबर फासतात. हेतू शुद्ध असतो, परिणाम वाईट होतो. खाऱ्या हवेतले मीठ लोखंडात खोलवर मुरलेले असते. वरून रंगाचा थर बसला की मीठही आत कोंडते आणि ओलही. रंगाखाली गंज फुगत जातो, दोनतीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात आणि पापुद्र्याबरोबर तोफेवरची अक्षरे, वजनाचे आकडे, कारखान्याची खूण निघून जाते. योग्य उपचार म्हणजे आधी मीठ काढणे. त्यासाठी तोफ अल्कधर्मी द्रावणात कित्येक महिने ठेवावी लागते, मग वाळवून टॅनिक आम्लाचा हात आणि त्यावर मेणाचा थर. हे प्रयोगशाळेचे काम आहे. गडावर आपल्याला करता येण्यासारखे दोनच : तोफ मातीवरून उचलून दगडी बैठकीवर ठेवणे आणि तोंड किंचित खाली झुकवणे, म्हणजे नळीत पाणी साचत नाही. तेही पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीनेच.

तटांच्या डागडुजीत सिमेंट वापरण्याचेही असेच. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर ते सांध्यांतून बाहेर टाकतो. सांधे चुन्याचे असतील तर पाण्याबरोबर मीठही तिथून निघून जाते आणि झिजतो तो चुना, जो पुन्हा भरता येतो. सांध्यांत सिमेंट भरले की पाण्याला वाट दगडातूनच काढावी लागते, मिठाचे स्फटिक दगडाच्या पृष्ठाशी धरतात आणि जांभ्याचा चुरा पडू लागतो. सिमेंटची जाळी शाबूत आणि मधला चिरा पोकळ, असे दृश्य कुठे दिसले तर त्याचे कारण हे.

रत्नागिरी शहराला लोक गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा समजतात. शहर एक अख्खा दिवस मागते, फक्त तो दिवस सोमवार नसावा. थिबा राजवाड्यातले शासकीय संग्रहालय सोमवारी बंद असते. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५मध्ये पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणले. त्याने इथे तीस वर्षे काढली, पण या राजवाड्यात जेमतेम सहा. वाडा १९१०मध्ये पुरा झाला आणि राजा १९१६च्या डिसेंबरात वारला. ‘तीस वर्षे याच खिडकीतून समुद्राकडे बघत बसला’ असे सांगणाऱ्या वाटाड्याला हे सन दाखवावेत. वाड्यात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारावी : जांभा आणि लाल विटा, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचे लाकडी नक्षीकाम. राजाची समाधी राजवाड्याच्या आवारात नाही, शहरात वेगळ्या ठिकाणी आहे. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष २०१२मध्ये तिथे येऊन गेले. आपल्याकडच्या पर्यटकांना मात्र ती सहसा कोणी दाखवत नाही.

त्याच दिवशी टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान, १९३१चे पतितपावन मंदिर आणि कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचे मत्स्यालय होते. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, मुले तिथून हलत नाहीत, म्हणून तो टप्पा शेवटी ठेवावा. सावरकरांना १९२१नंतर ठेवले होते ती कोठडी चालू कारागृहाच्या आत आहे. तिथे आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. ओळखपत्र आणि आगाऊ परवानगी लागते. मालगुंडचे केशवसुत स्मारक गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. कुसुमाग्रजांच्या हस्ते १९९४मध्ये त्याचे उद्घाटन झाले. देवळाच्या रांगेत दोन तास उभे राहणाऱ्यांनी त्यातला अर्धा तास इकडे दिला तरी चालेल.

आता कातळशिल्पे. कोकणातल्या आठ आणि गोव्यातल्या एका ठिकाणाचा एकत्र प्रस्ताव २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे : काशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ. काशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि तरीही भर दुपारी त्याच्या पाठीवर उभे राहून ‘हत्ती कुठे आहे?’ असे विचारणारे भेटतात. दोष त्यांचा नाही. या रेषा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उथळ कोरलेल्या आहेत. सूर्य डोक्यावर असला की खाचेत सावली पडत नाही आणि रेष नाहीशी होते. सूर्योदयानंतरचा दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास, एवढीच खरी वेळ. ऊन तिरपे पडते, प्रत्येक खाचेची एक कड काळी होते आणि अख्खे चित्र उठून येते. त्यातही सूर्याकडे तोंड करून, चित्राच्या पायथ्याशी उभे राहून पाहावे. उंचावरून दिसावे म्हणून काही ठिकाणी मचाण किंवा कठडा केला आहे, त्याचा उपयोग करावा.

महिनेही मोजके आहेत. पावसाळ्यात खाचांत पाणी आणि शेवाळ, नंतर सड्यावर गवत. ते वाळून बसते तोवर दिवाळी उलटते. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर सडा तव्यासारखा तापतो, सावलीला झाड नसते. फोटोत रेषा उठावदार दिसाव्यात म्हणून खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची सवय तर तातडीने थांबली पाहिजे. रांगोळीचे कण खाचेत अडकून ती घासतात आणि चुन्याने पृष्ठाचा रंग कायमचा बदलतो. पाणी ओतणेही नको. बूट काढून चाला एवढे पुरेसे नाही, रेषांवरून चालूच नका. यांतली बरीच शिल्पे खाजगी जमिनीत आहेत. गावात आधी विचारावे, गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याच्या सकाळचे पैसे द्यावेत. काशेळीला गेलात तर कनकादित्याचे सूर्यमंदिर त्याच फेरीत होते. म्हणजे पहाटे कातळावर, ऊन चढल्यावर देवळाच्या लाकडी मंडपात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात लोकांचे पाय किनाऱ्यावरच अडकतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलांचे संग्रहालय एका गोठ्यात उभे केले आहे. चित्रकथीची जुनी चित्रे, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. ते उभारणारे परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला. हे घरचे संग्रहालय आहे, तिकीटखिडकीचे नव्हे. आधी फोन करून गेलात आणि सातआठ जण जमवून गेलात तर बाहुल्यांचा प्रयोगही बघायला मिळू शकतो. काचेतली बाहुली आणि दोऱ्यावर नाचणारी बाहुली यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहता येतात. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पानांचा : दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. तिघे खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने. पाच अवतारांत दश्शा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे नवखा पहिल्या डावात हमखास हरतो. जुन्या रीतीने पान करायचे तर कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, वर खडूचा लेप देऊन घोटतात, रंगवतात आणि लाखेचा हात देतात. विकत घेताना भिंगाची गरज नाही. एकाच अवताराची दोन पाने शेजारी धरा. हाताने रंगवलेल्या पानांत डोळा, बोट, फुलाची पाकळी कधीही हुबेहूब जुळत नाही. तंतोतंत जुळली तर ती छपाई आहे, आणि किंमत छपाईचीच द्यावी. चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी घेतानाही हाताने केलेले कोणते, हे विचारायला लाजू नये. कारागीर आनंदाने दाखवतात.

तिथून गोव्यात उतरणाऱ्यांनी वार बदलतो हे ध्यानात ठेवावे. आपले शासकीय संग्रहालय सोमवारी बंद, तर जुन्या गोव्यातले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय शुक्रवारी. आणि वास्कोजवळचे नौदलाचे विमान संग्रहालय पुन्हा सोमवारी. जलदुर्ग पाहून गेलेल्यांनी जुन्या गोव्यात जहाजे कोरलेला वीरगळ शोधून पाहावा. मराठ्यांच्या आधी या किनाऱ्यावरची समुद्रातली लढाई कशी दिसत असेल, याची थोडी कल्पना त्यावरून येते.

आता मागणे. बंदर विभाग, पुरातत्त्व खाते आणि जिल्हा प्रशासन या तिघांनी मिळून मांडवा, थळ, राजपुरी, हर्णै आणि मालवण या पाच धक्क्यांवर प्रत्येकी एक फळा लावावा. छापील नको, खडूने लिहायचा, रोज सकाळी बदलायचा. त्यावर पाच ओळी : आजच्या दोन भरती आणि दोन सुकतींच्या वेळा, शेवटची होडी जाण्याची वेळ, शेवटची होडी परतण्याची वेळ, समुद्र खवळल्याने फेऱ्या बंद असल्यास तसे, आणि जिल्ह्यातले आज बंद असलेले संग्रहालय. हाच मजकूर एसटी स्थानकावर आणि कोकण रेल्वेच्या रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी स्थानकांवर लागावा. लिहिण्याचे काम धक्क्यावर तिकिटे फाडणाऱ्याकडे सोपवले तरी चालेल, पाच मिनिटांचे काम आहे. संकेतस्थळ आणि ॲप करण्याच्या घोषणा होतातच; पण होडीत चढणाऱ्याच्या हातात लागते ती आजची वेळ, आणि धक्क्यावर बऱ्याचदा मोबाइलला रेंज नसते.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात उधाणाच्या वेळा आपण छापता. ऑक्टोबर ते मे या काळातही सूर्योदय-सूर्यास्ताशेजारी अलिबाग, हर्णै, रत्नागिरी आणि मालवण या चार ठिकाणच्या भरती-सुकतीच्या वेळा उंचीसह द्याव्यात. उंचीचा आकडा महत्त्वाचा, कारण दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात. आकडा जितका लहान तितकी कुलाब्याची वाट कोरडी. शनिवारच्या अंकात पुढच्या आठ दिवसांच्या वेळा एकत्र दिल्या तर बाहेरगावच्या वाचकाला निघण्यापूर्वीच बेत जुळवता येईल. चार ओळींची जागा लागेल.

आपले,
किनाऱ्यावरील वारसास्थळे दाखवणारे काही वाटाडे
रत्नागिरी